त्या पंपाचं पाणी गोड होतं

गेल्या महिन्यात एका परिसंवादाला गेलो होतो. विषय भारदस्त: 'आधुनिक काळातली निरोगी, निसर्गानुकूल जीवनशैली'. स्थळ तिसऱ्या मजल्यावरचं वातानुकूलित सभागृह. पडदे ओढलेले, त्यामुळे बाहेर ऊन आहे की अंधार पडलाय हे कळायला मार्ग नाही. वक्ते दोन. पहिले निसर्गवादी. त्यांच्या मते आपण निसर्गापासून तुटलो म्हणून आजारी पडलो; पूर्वज जगले तसं जगा, कारखान्यातून आलेलं काही तोंडात घालू नका, शरीर स्वतःला बरं करून घेतं. दुसरे डॉक्टर. ते मिस्कीलपणे म्हणाले, "तुमचे पूर्वज पस्तिशीत मरत होते." टाळ्या. मग पहिल्यांनी औषध कंपन्यांच्या नफ्याचा विषय काढला. पुन्हा टाळ्या, बहुतेक त्याच हातांच्या. दीड तास हे असंच चाललं. घरी येताना वाटत राहिलं की दोघांनीही भरपूर अभ्यास केला होता, फक्त प्रश्न चुकीचा घेतला होता.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. 'नैसर्गिक' हा शब्द तपास कुठून सुरू करायचा हे सांगू शकतो, निकाल सांगू शकत नाही. एखादी गोष्ट मानवी शरीराला नवी आहे, एवढ्यावरून तिच्याकडे संशयाने बघणं रास्त आहे. तेवढ्यावरून तिला दोषी ठरवणं रास्त नाही. आणि निरोगी जगणं म्हणजे काय विकत घ्यावं आणि काय टाळावं याची यादी, ही समजूत तर मला त्याहून घातक वाटते. प्रश्न आपला दिवस कसा आखलाय याचा आहे, आणि तो दिवस आपण एकट्याने आखत नाही.

आधी डॉक्टरांच्या कोटीबद्दल. 'पूर्वज पस्तिशीत मरत' हे वाक्य सरासरीच्या खेळातून आलंय. इतिहासात बहुतेक समाजांमध्ये जन्मलेल्या मुलांपैकी जवळपास निम्मी मोठी होण्याआधीच जात. अशा समाजाची सरासरी तिशीत येणारच. पण ज्यांनी बालपण पार केलं, त्यांतले कितीतरी साठी-सत्तरी गाठत. म्हणजे प्रौढ माणसाचं शरीर तेव्हाही बऱ्यापैकी टिकत होतं, हे निसर्गवाद्यांचं म्हणणं अगदीच पोकळ नाही. पण त्याच आकड्याची दुसरी बाजू त्यांनी कधी उच्चारली आहे का? आज जगभरात पाच वर्षांच्या आत दगावणाऱ्या मुलांचं प्रमाण शंभरात चारच्या आसपास आलंय. शंभरातली निम्मी जाणं हा निसर्गाचा नियम होता आणि चारवर येणं ही माणसाची करामत आहे. 'पूर्वजांसारखं जगा' म्हणणाऱ्याने यातलं नेमकं काय परत हवंय ते सांगावं.

१८५४ सालच्या लंडनकडे बघा. सोहो भागात ब्रॉड स्ट्रीटवर एक हातपंप होता. त्याचं पाणी थंड, स्वच्छ दिसणारं, आणि चवीबद्दल त्याची ख्याती. जमिनीच्या पोटातून आलेलं, कुणी काही न मिसळलेलं. त्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीस तिथे कॉलऱ्याने थैमान घातलं आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. जॉन स्नो नावाचा डॉक्टर दारोदार फिरून कोण कुठलं पाणी पितं याची नोंद करत होता. त्याला एक कोडं पडलं. तिथून कित्येक मैल दूर, हॅम्पस्टेडमध्ये राहणारी एक विधवा कॉलऱ्याने वारली होती. तिच्या भागात साथ नाही, ती सोहोत कित्येक महिन्यांत गेलेली नाही. मग उलगडा झाला. पूर्वी ती ब्रॉड स्ट्रीटवर राहायची, तिथल्या पाण्याची गोडी तिच्या जिभेवर होती, म्हणून त्या रस्त्यावरून रोज निघणाऱ्या गाडीतून तिच्यासाठी एक मोठी बाटली भरून जात असे. तिच्याकडे आलेली भाचीही तेच पाणी पिऊन इस्लिंग्टनला परतली आणि तीही गेली. उलट, पंपाच्या शेजारीच असलेल्या बिअरच्या कारखान्यातले कामगार बचावले. त्यांना प्यायला फुकट बिअर होती आणि कारखान्याची स्वतःची विहीर होती. पंपाच्या विहिरीपासून हातभर अंतरावर एका घराचा फुटका मैलाखड्डा झिरपत होता, हे नंतर कळलं.

मला या गोष्टीतली ती बाटली विसरता येत नाही. त्या बाईंनी चुकीचं काय केलं? आजच्या सल्ल्याप्रमाणे सगळं बरोबरच केलं की! ओळखीच्या, खात्रीच्या स्रोताचं पाणी, चवीची पारख, थोडी तसदी घेऊन चांगलं तेच प्यायचा आग्रह. तिला वाचवू शकणाऱ्या गोष्टी दोनच होत्या: बंदिस्त गटारं आणि पाण्यावर केलेली प्रक्रिया. दोन्ही निखळ कृत्रिम. दोन्ही एकट्याच्या शहाणपणाने होणाऱ्या नव्हेत.

आता विरुद्ध बाजूचं सगळ्यात दमदार म्हणणं घेऊ, आणि ते कमकुवत करून सांगायचा मोह टाळू. निसर्गवादी म्हणतात: हजार वर्षं लोक जे खात-पीत आले, ते हजार वर्षांच्या प्रयोगातून तावून सुलाखून निघालंय. कालपरवा प्रयोगशाळेतून आलेल्या गोष्टीला तोच मान का द्यायचा? सिद्ध करायची जबाबदारी नव्याची, जुन्याची नव्हे. हे म्हणणं मला पटतं, आणि त्याला इतिहासाचा भक्कम आधार आहे. तेलात हायड्रोजन मिसळून ते गोठवण्याची युक्ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निघाली. प्राण्यांच्या चरबीपेक्षा बरी म्हणून तिची शिफारसही झाली. त्यातला ट्रान्स फॅट हृदयाला किती मारक आहे हे कळून डेन्मार्कने त्यावर कायद्याने बंधन आणलं ते २००३ साली, आणि जागतिक आरोग्य संघटनेने तो जगातून हद्दपार करा असं सांगितलं ते २०१८ मध्ये. म्हणजे जवळपास एक शतक. पेट्रोलमध्ये शिसं घालायला १९२० च्या दशकात सुरुवात झाली. शिसं विषारी आहे हे तर रोमनांच्या काळापासून माहीत होतं, तरीही मोटारींसाठी ते विकणारा शेवटचा देश थांबला २०२१ मध्ये. थॅलिडोमाइड हे झोपेचं औषध गरोदर बायकांनाही निर्धोक म्हणून १९५७ पासून विकलं गेलं. चार वर्षांत ते मागे घेईपर्यंत दहा हजारांहून अधिक मुलं हात-पाय खुरटलेली जन्मली. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, त्याला हसण्यात काय हशील? डॉक्टरमंडळी 'लोक विज्ञानाला घाबरतात' म्हणून कपाळाला हात लावतात तेव्हा हे शतक त्यांच्या लक्षात नसतं.

पण या युक्तिवादाला एक भोक आहे. हजार वर्षांचा अनुभव नेमकं काय पकडू शकतो? खाल्लं आणि संध्याकाळी उलट्या झाल्या, हे पकडतो. पुरळ उठलं, गर्भ पडला, जनावर मेलं, हेही पकडतो. खाल्लं आणि वीस वर्षांनी मूत्रपिंड निकामी झालं, हे पकडू शकत नाही, कारण तोवर मधे इतकं काही घडलेलं असतं की दोन टोकं जोडणार कोण? परंपरेची नजर तीक्ष्ण असते, पण जवळचीच. ॲरिस्टोलोकिया नावाच्या वेलींचं कुळ बघा. युरोपात आणि चीनमध्ये शतकानुशतकं औषधी म्हणून वापरात. युरोपातल्या सुइणींचा तिच्यावर भरवसा. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन उतरवायला दिलेल्या वनस्पतीजन्य गोळ्यांत एका मुळीच्या जागी चुकून हिची मुळी गेली आणि शंभराच्या आसपास स्त्रियांची मूत्रपिंडं गेली. त्यांतल्या कित्येकींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. डॅन्यूब नदीच्या उपनद्यांकाठच्या काही खेड्यांत पिढ्यान्‌पिढ्या मूत्रपिंडाचा एक गूढ आजार होता. गव्हाच्या शेतात तण म्हणून वाढणाऱ्या याच कुळातल्या झाडाचं बी पिठात दळलं जात होतं. घरचं शेत, घरचं पीठ. आज हे विष माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गात आहे. शतकानुशतकांच्या 'प्रयोगाला' जे दिसलं नाही ते दिसायला रुग्णांच्या नोंदी आणि सूक्ष्मदर्शक लागला.

लाकडाच्या धुराहून जुनं तर काय असेल? माणूस माणूस झाला तेव्हापासूनचा तो सोबती. घरात जळणारं लाकूड, कोळसा, रॉकेल अशांच्या धुरामुळे २०२० साली सुमारे ३२ लाख माणसं दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आणि स्वित्झर्लंडची पर्वतराजी? हवा शुद्ध, पाणी हिमनद्यांचं, जमीन अस्पर्श. त्याच हिमनद्यांनी मातीतलं आयोडीन खरवडून नेलं होतं, म्हणून त्या खोऱ्यांत गळ्याला गाठी आलेली माणसं आणि वाढ खुंटलेली मुलं ही रोजची गोष्ट होती. १९२२ मध्ये तिथे मिठात आयोडीन मिसळायला सुरुवात झाली आणि ते चित्र पालटलं. त्या मिठाला तेव्हाही विरोध झालाच.

पण 'नवं ते सारं चांगलं' हेही इथे सिद्ध होत नाही, आणि डॉक्टरांच्या बाजूने बोलणारे इथेच घसरतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर आइकमान नावाचा डच डॉक्टर बेरीबेरीवर काम करत होता. रोगाने पाय लुळे पडत, हृदय थकत असे. तो जंतू शोधत होता, कारण तेव्हा सगळेच जंतू शोधत होते. त्याच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्यांना अचानक तसाच आजार झाला, आणि काही महिन्यांनी त्या अचानक बऱ्याही झाल्या. चौकशी केली तेव्हा कारण निघालं स्वयंपाकघरात. मधले काही महिने कोंबड्यांना लष्करी इस्पितळातला उरलेला, पॉलिश करून पांढराशुभ्र केलेला तांदूळ शिजवून घातला जात होता. मग स्वयंपाकी बदलला. नव्या स्वयंपाक्याचं म्हणणं पडलं, लष्कराचा तांदूळ मुलकी कोंबड्यांना कशाला? त्याने तो बंद केला. कोंबड्या पुन्हा साध्या, पॉलिश न केलेल्या तांदळावर आल्या आणि चालायला लागल्या. गिरणीने कोंड्याबरोबर जे फेकून दिलं होतं, त्याला पुढे जीवनसत्त्व हे नाव मिळालं, आणि आइकमानला १९२९ मध्ये नोबेल. निसर्गवाद्यांनी ही कोंबडी आपल्या ध्वजावर रंगवावी, माझी हरकत नाही. फक्त एवढं ध्यानात ठेवावं की कोंडा चांगला आहे हे कुणाच्या अंतःप्रेरणेने सांगितलं नाही. एका कंजूष स्वयंपाक्यामुळे दोन बाजू शेजारी-शेजारी दिसल्या, आणि कुणीतरी त्या टिपून ठेवल्या.

आजच्या काळातलं असंच उदाहरण २०१९ चं आहे. अमेरिकेत वीस जणांना महिनाभर एका संशोधन केंद्रात ठेवलं. दोन आठवडे कारखान्यात भरपूर प्रक्रिया झालेलं अन्न, दोन आठवडे साधं, जवळपास प्रक्रिया न केलेलं. दोन्ही ताटांत मांडलेले उष्मांक, साखर, स्निग्धांश, तंतू, मीठ सारखं. किती खायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. प्रक्रिया केलेल्या ताटावर माणसं दिवसाला सुमारे पाचशे उष्मांक जास्त खात होती. पंधरवड्यात वजन किलोच्या जवळपास वाढलं, आणि साध्या ताटावर तितकंच उतरलं. बघा, इथे निसर्गवाद्यांचा संशय खरा ठरला. पण तो खरा ठरला म्हणजे काय झालं? तपास झाला. लाकडाच्या धुराबद्दल तपास झाला तेव्हा उलटा निकाल आला. तराजू तोच, मापं तीच.

पूर्वजांच्या नावावर आपण काय काय खपवतो, याचीही एकदा झडती घ्यायला हवी. 'सूर्य मावळला की माणूस झोपायचा, विजेने झोप खाल्ली.' २०१५ मध्ये टांझानियातले हाद्झा, नामिबियातले सान आणि बोलिव्हियातले त्सिमाने अशा विजेविना राहणाऱ्या तीन समाजांतल्या लोकांच्या मनगटाला झोप मोजणारी यंत्रं बांधली. ही माणसं सूर्यास्तानंतर सरासरी तीन तासांहून जास्त जागी होती आणि रात्री पावणेसहा ते सात तास झोपत होती, म्हणजे आपल्यातल्या पुष्कळांइतकीच. दुपारची झोप क्वचित. 'पूर्वजांना हृदयविकार नव्हता' हेही असंच. इजिप्तपासून पेरूपर्यंतच्या १३७ ममींचं स्कॅनिंग झालं, त्याचा अहवाल २०१३ मध्ये आला. तिसऱ्या हिश्श्याच्या धमन्यांत कॅल्शियमचे थर. आल्प्सच्या बर्फात सापडलेला पाच हजार वर्षांपूर्वीचा माणूस, ज्याला ओत्झी म्हणतात, त्याच्याही धमन्या कडक झालेल्या आणि पोटात जंत. मग काय, शिकाऱ्यांचं जगणं आपल्याला काहीच शिकवत नाही? तसंही नाही. २०१७ मध्ये त्सिमाने लोकांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासल्या तेव्हा आजवर पाहिलेल्या कुठल्याही समाजापेक्षा त्या स्वच्छ निघाल्या. त्यांच्यात जंत आणि संसर्गाचे आजार मात्र मुबलक. हे लोक दिवसातले कित्येक तास हालचाल करतात, आणि त्यासाठी त्यांना कुठलीही प्रतिज्ञा करावी लागत नाही. पोट भरायचं तर चालावंच लागतं.

या शेवटच्या वाक्यापाशी थांबायला हवं, कारण निसर्गानुकूल जगण्याचा आपला सगळा उद्योग तिथेच फसतो. त्या माणसांचा दिवसच हालता आहे. आपण काय केलं? दिवस बसका ठेवला आणि त्याच्या कडेला 'निसर्ग' नावाची पुडी बांधली. पान रंगवलेली बाटली, माती-रंगाचं वेष्टन, वर 'शुद्ध' असा शिक्का. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. ही युक्ती आजची नाही. अमेरिकेतल्या बॅटल क्रीकला जॉन हार्वे केलॉग हे गृहस्थ १८७६ पासून एक आरोग्यधाम चालवत होते. मांस नाही, मद्य नाही, मोकळी हवा, ऊन, जलोपचार, व्यायाम. आजच्या कुठल्याही निसर्गोपचारवाल्याला हेवा वाटावा अशी दिनचर्या. तिथल्या रुग्णांसाठी साधा, पचायला हलका नाश्ता म्हणून धान्याचे पोहे निघाले. धाकटे बंधू विल यांनी १९०६ मध्ये त्याचा कारखाना काढला आणि त्यात साखर घातली. भावाभावांत कोर्टकचेऱ्या झाल्या. नैसर्गिक जगण्याच्या त्या मठातून खोक्यातल्या नाश्त्याचा अवाढव्य धंदा जन्माला आला. ऊन, चालणं आणि मोकळी हवा मात्र खोक्यात बसली नाही, ती तिथेच राहिली.

मग खोक्यात न बसणारी गोष्ट लोकांपर्यंत पोचते कशी? दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनमध्ये जेरी मॉरिस यांनी दुमजली बसवर काम करणाऱ्या माणसांचा अभ्यास केला. तो १९५३ मध्ये छापून आला. चालक आणि वाहक एकाच खात्यातले, राहणीमान साधारण सारखं, धूरही तोच. चालक दिवसभर बसलेला. वाहक तिकिटं फाडत वरखाली, दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या. वाहकांना हृदयविकार स्पष्टपणे कमी. शंकेखोरांनी विचारलं, कशावरून मुळातच जाडे लोक चालक होत नसतील? मॉरिस गणवेश खात्याकडे गेले आणि विजारींची मापं काढून आणली. खरंच, चालकांची कंबर नोकरीला लागतानाच मोठी होती! पण कंबरेचा हिशेब वजा केला तरी फरक उरलाच. (मॉरिस स्वतः पुढे नेमाने धावत आणि ९९ वर्षं जगले. याला पुरावा म्हणता येणार नाही, पण सांगितल्यावाचून राहवत नाही.) वाहकांनी आरोग्यावर व्याख्यानं ऐकली नव्हती, हे मला यात फार मोलाचं वाटतं. त्यांच्या कामातच जिना होता. त्या बसला जिना कुणी घातला? तिचा आराखडा काढणाऱ्याने, आणि तोही आरोग्य मनात धरून नव्हे.

दुसरं उदाहरण डोळ्यांचं. शहरांतल्या मुलांना लहानपणीच चष्मे लागतात, त्याचं खापर बराच काळ पुस्तकांवर आणि मग पडद्यांवर फुटलं. चीनमधल्या ग्वांगझूत बारा शाळा निवडल्या. निम्म्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज चाळीस मिनिटांचा एक तास घराबाहेर, उघड्यावर. तीन वर्षांनी बाहेर जाणाऱ्या शाळांत १०० पैकी ३० मुलांना लघुदृष्टी आली होती, दुसऱ्या शाळांत ३९ जणांना. वर्गातला उजेड काही शे लक्स (उजेडाचं एकक) असतो, बाहेर सावलीतही हजारांत जातो. वाढत्या डोळ्याला तो लागतो असं दिसतं. निसर्गाची गरज याहून स्वच्छ शब्दांत कोण मांडेल? पण ती भागली कशाने? वेळापत्रकात घातलेल्या एका घंटेने. आईबापांना 'मुलांना बाहेर खेळू द्या' हे सांगून सगळे दमले होते. आईबाप कामावर, रस्त्यावर गाड्या, शिकवणीची वेळ झालेली. तो सल्ला खरा होता आणि निरुपयोगी होता.

'म्हणजे आता सरकारने आणि शाळेने आमच्या दिवसात नाक खुपसायचं?' हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण आरोग्याच्या नावाखाली माणसांना वेठीला धरल्याचे दाखले इतिहासात आहेत. पण आपला दिवस आजही मोकळ्या माळासारखा पडलेला नाही. कुणीतरी तो आखून ठेवलेलाच आहे. पदपथ किती रुंद, कामाचे तास किती, पाळी कधी बदलणार, दुकानात डोळ्यांच्या रेषेत काय ठेवायचं, पडद्यावरची पुढची चित्रफीत आपोआप सुरू व्हावी की नाही, हे सगळं ठरलेलं आहे आणि ठरवताना तुम्हाला कुणी विचारलेलं नाही. नेदरलँड्समधली माणसं सायकलवर फिरतात ती काही जन्मजात निसर्गप्रेमी म्हणून नव्हे. १९७१ साली तिथे रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसं मेली, त्यांत चारशेहून अधिक मुलं. आईबाप रस्त्यावर उतरले, 'मुलांच्या हत्या थांबवा' अशी चळवळ उभी राहिली, आणि मग सायकलींचे वेगळे मार्ग झाले. आठ तासांचा दिवस १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय कराराच्या शब्दांत उतरला, तोही कित्येक दशकांच्या संपांनंतर. आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करण्यामुळे आलेल्या पक्षाघाताने आणि हृदयविकाराने २०१६ या एका वर्षात सुमारे ७ लाख ४५ हजार माणसं गेली, असा जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा हिशेब आहे. रात्रपाळी हे कर्करोगाचं संभाव्य कारण म्हणून २००७ पासून नोंदलं गेलंय. त्या रात्रपाळीवाल्याला 'सूर्योदयाआधी उठा' हे कुठल्या तोंडाने सांगायचं? तो तर तेव्हा घरी येत असतो.

माणसाने स्वतः मग काहीच करू नये का? करावं, मीही करतो, आणि त्यात माझी काय गत झाली तेही सांगतो. वर्षभरापूर्वी मनगटी घड्याळ घेतलं, पावलं मोजणारं. रोज दहा हजार. एका रात्री साडेअकराला घड्याळ म्हणालं, बाराशे पावलं बाकी. मी बैठकीच्या खोलीत टेबलाभोवती फेऱ्या मारायला लागलो. दिवे चालू, बायको दारात उभी, चेहऱ्यावर काळजी. बारा वाजायला पाच मिनिटं असताना घड्याळाने फटाके उडवले आणि पुढे दोन वाजेपर्यंत मला झोप लागली नाही. नंतर वाचलं की दहा हजार हा आकडा कुठल्या संशोधनातून आलेलाच नाही. १९६५ च्या सुमाराला जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावाचा अर्थ 'दहा हजार पावलं मोजणारं'. चालणं चांगलंच आहे, आकडा मात्र विक्रेत्याचा. मी रात्री बाराला टेबलाला प्रदक्षिणा घालत होतो, कारण दिवसा माझ्या वाट्याला चालण्याजोगा रस्ताही नव्हता आणि तेवढी मोकळी वेळही नव्हती. ही उणीव माझ्या निर्धाराची म्हणायची की आणखी कुणाची?

त्या परिसंवादात शेवटी प्रश्न विचारायला दहा मिनिटं होती. ती आभारप्रदर्शनात गेली. कार्यक्रम संपल्यावर आम्ही सगळे बाहेर आलो तर लिफ्टसमोर ही रांग. निसर्गवादी वक्ते रांगेत, डॉक्टरही रांगेत, आता दोघं छान गप्पा मारत होते. तीन तर मजले, उतरून जाऊ म्हणून मी जिना शोधला. सापडला, स्वच्छतागृहाच्या मागे, दाराला कुलूप. रखवालदाराला विचारलं. तो म्हणाला, "साहेब, सुरक्षेसाठी बंद ठेवतात. किल्ली मॅनेजरसाहेबांकडे असते, ते सहालाच गेले."